राघोबांच्या कण्या

बिदरच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एकच आकडा सांगितला आणि राजूबाईनं तो पदराला गाठ मारावी तसा मनाशी बांधून घेतला. बेचाळीस. तीन आठवड्यांत तिच्या नवऱ्याचं, राघोबांचं वजन बेचाळीस किलो झालं तर पुढचं केमो देता येईल. नाही झालं, तर अंगाला ते झेपणार नाही. त्या दिवशी काटा एकोणचाळीसवर थांबला होता.

घशाला दिलेल्या किरणांच्या शेकानं राघोबांची जीभ मेल्यासारखी झाली होती. गोड, तिखट, खारट, काहीच कळायचं नाही. "माती खाल्ल्यावानी लागतंय," म्हणायचे आणि दोन घासांत वाटी सरकवायचे. घशाखाली उतरायच्या त्या फक्त ज्वारीच्या कण्या, त्याही मूगडाळ आणि दूध घालून पार लोण्यासारख्या मऊ शिजवलेल्या. शिट्टीच्या कुकरात त्या फेसाळून वर यायच्या आणि मधला दाणा कच्चाच राहायचा. असा एक दाणा घशात टोचला की त्या दिवसाचं जेवण संपलं. गॅसवर ठेवल्या तर चार तास ढवळत बसावं लागे. जरा नजर हलली की बुडाला लागत, आणि त्या करपट वासानं त्यांना नुसते उमासे येत.

आणि राजूबाईची सकाळ तर तिची नव्हतीच. दुखण्याचं नाव कळलं त्या दिवशीच तिनं दत्ताला शब्द दिला होता: रोज उजाडताना औदुंबराला एकशे आठ फेऱ्या, मग पोथीचा अध्याय. देऊळ त्यांच्या गावाच्या, ठाणाकुशनूरच्या बाहेर, ओढ्याच्या काठाला. तिथं समईशिवाय दुसरा उजेड नाही. गुरुवारी अभिषेक, आरती होईपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा.

म्हणून लेक, स्नेहा, तिला दवाखान्यातून थेट भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. राघोबा बाहेर रिक्षात बसून राहिले.

"अक्का, हा स्लो कुकर. हा शिजवत न्हाई, तपश्चर्या करतोय बघा," दुकानदार राजशेखर झाकणावर टिचकी मारत म्हणाला. "सकाळी लावा, दुपारी उघडा. करपायचं नाव न्हाई."

"आमच्या जावयासारखाच हाय की मग. चिडत न्हाई, अन् लवकर उरकतबी न्हाई."

"आई!" स्नेहा म्हणाली, पण तिलाही हसू आलं. त्या महिन्यातलं ते पहिलंच हसू.

दोन भांडी समोर आली. आत दोन्हींत चिनी मातीचं जाड पातेलं. एकाला बटणं आणि आकडे, दुसऱ्याला नुसता फिरवायचा खटका.

"लाईट गेली तर?" राजूबाईनं विचारलं. तिला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

"बटणाचा बंद पडतो अन् बंदच ऱ्हातो. कुणीतरी येऊन परत लावावं लागतंय. हा खटक्याचा साधा. लाईट आली की आपोआप चालू."

"बटणाचाच घे, आई," स्नेहा म्हणाली. "काय झालं न झालं, घरी आल्यावर समजंल तरी."

"आल्यावर समजून काय करू? तवा शिजवायला घेतलं तर हे चार वाजेस्तोवर उपाशी. आपोआप चालू व्हणाराच बरा."

"फेऱ्या जरा कमी केल्या तर?"

"त्या फेऱ्यांवरच तर चालायलंय सगळं."

ती हे हळूच म्हणाली, आणि स्नेहानं खटक्याचा कुकर पुढं ओढला.

घरी दुसऱ्या दिवसापासून नेम बसला. पहाटे आंघोळ, ओल्या केसांनीच कण्या, डाळ, दूध, पाणी पातेल्यात, वर झाकण. मग देऊळ. परतल्यावर पातेलं तसंच उचलून देवापुढं न्यायचं आणि तिथंच झाकण काढायचं. देवाला दाखवण्याआधी चव घ्यायची नाही, वासही घ्यायचा नाही. सासूनं नवी सून असताना हे शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत राजूबाईनं एकदाही त्यात खोट येऊ दिली नव्हती. राघोबांनी खाल्ल्यावर ती खायची.

कण्या खरोखरच लोण्यासारख्या व्हायच्या. पहिल्या सोमवारी गावच्या सरकारी दवाखान्यातला काटा साडेचाळीसवर गेला. दुसऱ्या सोमवारी साडेएकेचाळीस. राजूबाईनं काट्यालाच हात जोडले.

मग तो गुरुवार आला. वैशाखाचं ऊन सकाळी आठलाच चटके देत होतं. ती देवळातून परतली तेव्हा साडेबारा झाले होते. राघोबा लिंबाखाली बाजेवर डोळे मिटून पडले होते. कुकरचा लाल दिवा चालू, झाकण गरम. तिनं नैवेद्य दाखवला आणि वाटी भरली. वाढताना जरा आंबूस वास आला, पण ज्वारी ती, आंबिलीचा वास तिच्या अंगचाच. आणि आता तो प्रसाद होता. प्रसादाला नाक लावायचं म्हणजे काय!

राघोबांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"टोचलं का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुसरा घास घेतला. डोळ्यांत पाणी तरारलं.

"राजे," ते म्हणाले, "चव लागायलीय गं."

"काय म्हणता!"

"व्हय. आंबट लागायलंय. जिभेच्या कडेला. ताकात कालवल्यावानी."

चार महिन्यांनी त्यांच्या जिभेला काहीतरी कळलं होतं. त्यांनी वाटी चाटूनपुसून पुढं केली. दुसरी वाटीही संपवली. राजूबाई देवापुढं जाऊन रडली. एवढ्या फेऱ्यांचं फळ असं भर दुपारी पदरात पडेल असं तिला वाटलं नव्हतं. मागाहून ती जेवली ती सकाळची भाकरी आणि चटणी. कण्यांना तिनं हात लावला नाही. त्यांच्या संध्याकाळसाठी ठेवल्या.

संध्याकाळी त्या खायची वेळच आली नाही. उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. रात्रीत स्नेहा गाडी घेऊन आली. बिदरला डॉक्टरांनी विचारलं, "काही शिळं खाल्लं का?" राजूबाईनं दत्ताला स्मरून सांगितलं, "न्हाई. सकाळीच रांधलेलं, ताजं."

तिसऱ्या दिवशी शेजारची रुद्रम्मा दवाखान्यात बघायला आली. डब्यात ताक, तोंडात गावच्या बातम्या.

"गुरुवारी दळण घेऊन गेले तर गिरणी बंद. सहाला लाईट गेली ती बारालाच आली बघ. सहा तास! माझं पीठ तसंच..."

ती पुढं काय बोलली ते राजूबाईला ऐकू आलं नाही. सहा तास. कोमट दूध, भिजून भिजून मऊ पडलेल्या कण्या, वैशाख. आणि मग बाराला तो लाल दिवा गुपचूप लागला असणार. बटणाचा घेतला असता तर तो विझलेला दिसला असता. तिनं पातेलं ओतून दिलं असतं, राघोबा चार वाजेपर्यंत उपाशी राहिले असते. एवढंच झालं असतं.

आठव्या दिवशी काटा छत्तीसवर आला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आता घरीच ठेवा," म्हणाले. "जे मागतील ते द्या."

बाज पुन्हा लिंबाखाली आली. सकाळी राजूबाई फेऱ्यांना गेली नाही. तिथं बसून राहिली, उशाशी. राघोबांना आता पाणीही चमच्यानं द्यावं लागे.

"राजे."

"जी."

"त्या गुरुवारच्यासारख्या कण्या कर की. तेवढीच चव लागली व्हती. परत न्हाई लागली."

होय म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. दही कालवून दिलं असतं तरी त्यांना चाललं असतं. पण डॉक्टरांपुढं ती नकळत खोटं बोलली होती. आता कळूनसवरून खोटं बोलणं तिच्यानं होईना.

"अहो, त्या नासल्या व्हत्या," ती म्हणाली. "सहा तास लाईट नव्हती. मी झाकण उघडून बघितलं न्हाई. वास आला तवाबी बघितलं न्हाई. माझ्या हातानं दिलं मी तुमास्नी."

राघोबा वर लिंबाकडं बघत राहिले. तिला वाटलं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे जिभेला चव आली नव्हती," ते म्हणाले.

"न्हाई."

"मला वाटलं, आली."

त्यांनी मान पलीकडं वळवली. दुपारी तिनं चमचा ओठांपाशी नेला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही.