गुडघे टेबलाला लागत होते

तुम्ही तिला मागं ठेवलंत. एकदाही समोर बसवून वाचायला न लावता! मुख्याध्यापक साहेब, आधी हे तुमच्या तोंडावर सांगते, मग मुलांशी बोलते.

मित्रांनो, मी एक जुनी लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. आयर्लंडमधल्या कासलबारच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, खिडकीजवळ माझी जागा. साच्यातून निघाले तेव्हा नुसती चकाकत होते. आता अंगभर बुटांचे ओरखडे आहेत, पण अजून डगमगत नाही. दरवर्षी मुलं तिसरीत जातात, मी दुसरीतच राहते. खुर्चीचं कामच ते.

माझ्यावर बसणाऱ्या स्वरांगीचं ते काम नव्हतं.

तिचे आईबाबा, चित्रा आणि हरीश, दोघंही इस्पितळात डॉक्टर. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि त्यांच्या ड्यूट्या संपेनात. घरून अभ्यास पाठवायचा होता; पाठवणार कोण? तुम्ही ठरवून टाकलंत, हिला काही जमत नाही, पुन्हा दुसरीतच बसवू. आईबाबांनीही मान डोलावली. म्हणे, "पाया पक्का होऊ दे."

सप्टेंबरात ती पुन्हा माझ्यावरच येऊन बसली. गुडघे टेबलाला लागले. शेजारची सीर्शा ओरडली, "मिस, ही मोठ्या वर्गातली, चुकून आलीय!" वर्ग खिदळला.

"आयम ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'मी ठीक आहे', असं स्वरांगी म्हणाली आणि पाठ वाकवून बसली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे पाय काही वाढत नाहीत ना!

पुस्तकं तीच, गणितं तीच. उत्तरं सगळी बरोबर. मिस "ब्रिलियंट!" म्हणाल्या की ती कानापर्यंत लाल व्हायची. नाताळानंतर शाळा पुन्हा बंद झाली. मार्चमध्ये लहान वर्ग आधी उघडले, तेव्हा ती बारक्यांच्या रांगेतून आली. तिसरीत गेलेल्या तिच्या मैत्रिणी अजून घरीच. मग गेल्या वर्षी राहून गेलेले नवे धडे निघाले. उत्तर तिला यायचं, पण ती पुटपुटायची, मला तेवढं ऐकू येईल इतकंच. हात वर गेला नाही.

एकदा विसरलेला डबा द्यायला चित्रा खिडकीशी आली. आत यायला पालकांना बंदी. फोनवर पुण्याची आजी, आवाज मोठा. "स्वरू कितवीत गं आता?"

"तिसरीत, आई. मस्त चाललंय."

स्वरांगीने माझी कड घट्ट धरली. "मम्मा, व्हाय डिड यू से थर्ड?"

"हळू बोल, राणी."

"आर यू अशेम्ड ऑफ मी?"

चित्राने फोन छातीशी दाबला. तेवढ्यात तुम्ही तिथून गेलात, साहेब. हसून म्हणालात, "बघा, किती सुधारली! मागं ठेवलं ते बरंच झालं ना?"

मित्रांनो, मागं राहिलेल्या मुलीला हसू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा.

आणि साहेब, येत असलेलं उत्तर गिळायला तुम्ही एका मुलीला शिकवलंत. याला सुधारणा म्हणता? उत्तर द्या. उभ्या उभ्या नाही. माझ्यावर बसून द्या, गुडघे टेबलाला लावून.