खाली भांडं ठेवलंय ना?

माझी बायको हसायची तेव्हा माणूस हसल्यासारखा आवाज यायचा नाही. सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा यायचा. स्सस्स करत सुरू व्हायचा, मध्येच श्वास अडकायचा, मग पुन्हा स्सस्स. खांदे गदागदा हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला ठसका लागलाय असं वाटून मी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या होत्या. त्यावर ती आणखीच हसली.

ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तिचा चेहरा आठवतो, बोलणं आठवतं. पण मागे एकदा भांडी घासताना मी ते हसणं आठवायला गेलो आणि ते येईना. तोंडाने स्सस्स करून पाहिलं. सापासारखं झालं. मी नळ बंद करून तसाच उभा राहिलो. हे पण जाणार की काय, अशी भीती वाटली. व्हिडिओत शोधायची सोय नव्हती. कुणी कॅमेरा धरला की ती तोंड घट्ट मिटून पासपोर्टच्या फोटोसारखी बसायची.

मी मुलीला फोन केला. आम्ही तिला ठमी म्हणतो. ती आवाज साफ करायचं काम करते. रस्त्यावर कुणाची मुलाखत घेतली असेल तर त्यातली रहदारी काढायची आणि माणूस ठेवायचा. मी जन्मभर जलशुद्धीकरण केंद्रात वाळूच्या टाक्यांवर होतो. गाळ काढायचा आणि पाणी ठेवायचं. ठमीला नोकरी लागली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "बापाचीच गादी चालवतेय. चहाची धरून घरात आता तीन गाळण्या झाल्या." पुढे बायकोच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. मूत्रपिंडं म्हणजे शरीराची गाळणीच, असं डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणते, "अहो, तुमच्या टाकीतली पाटीभर वाळू आणा ना, घालून बघू." डॉक्टरांचं पेन थांबलं. आणि हिचं स्सस्स सुरू.

"आईचं हसणं? बाबा, सुपाचा मेसेज!" ठमी फोनवर ओरडली. "माझ्याकडे अजून आहे तो!"

मलाही एकदम आठवलं. ठमी परगावी तापाने पडली होती आणि तिला आईच्या हातचं भाज्यांचं सूप हवं होतं. आईने सूप करता करता कृती फोनमध्ये बोलून पाठवली. ठमीला ओ की ठो कळलं नाही, कारण डोक्यावर आमचा पंखा घरघरत होता आणि खाली नळ चालू होता. शेवटी आईने सगळं टाइप करून पाठवलं. पण त्या मेसेजच्या शेवटी ती हसली होती. मी समोरच होतो. हसली होती ती माझ्यामुळेच.

रविवारी ठमी कॉम्प्युटर घेऊन घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने पसारा मांडला आणि मोठे हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले.

"आधी मूळचं ऐक."

घर्रर्र. त्यात कुठेतरी कुणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं.

"आता हे बघ." तिने काहीतरी दाबलं.

घरघर गेली. आणि माझ्या कानात माझी बायको बोलायला लागली, शेजारी बसून बोलावं तशी. "कांदा, गाजर, कोबीचा दांडा, सगळं मोठं मोठं चिरून टाकायचं. चांगलं उकळू द्यायचं. घाई करू नकोस, तुझ्या बापासारखी. मग गाळून घ्यायचं. अहो, तेवढं गाळता का?"

मग माझा आवाज. "झालं गाळून."

"झालं? बघू. अहो, सूप कुठंय?"

आणि मग काही नाही. अगदी शांत.

मी हेडफोन हाताने दाबून धरले. "पुढचं?"

"संपलं. म्हणजे अजून थोडं आहे, पण त्यात काही नाही."

"त्यातच तर ती हसली गं."

ठमीने स्वतः ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिचा चेहरा उतरला. मी उठून उगाच ओट्यावरचं फडकं झटकलं आणि परत जागेवर ठेवलं. जे होतं ते एवढंच होतं, आणि तेही गेलं असं मला वाटलं.

अचानक ठमीने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा! आई हसायची कशी?"

"कशी म्हणजे? स्सस्स."

"आणि नळ कसा वाजतो?"

मी नळाकडे बघितलं.

"या बावळटाला आईचं हसणं म्हणजे नळ वाटला!" ती कॉम्प्युटरला म्हणाली. "थांब. मूळ आवाजातून साफ केलेला वजा केला की काढून टाकलेलं सगळं हाती येतं. आम्ही ते नेहमी ऐकतो, चांगलं काही गेलं नाही ना बघायला. आज घरचं काम म्हणून आळस केला."

"आम्हीही बघायचो," मी म्हणालो. "खालून उलटं पाणी सोडून टाकी धुतली की वाळूत अडकलेलं सगळं वर यायचं. त्यात काय निघेल याचा नेम नसायचा."

"मग धुऊ या टाकी," ठमी म्हणाली आणि तिने हेडफोनची वायरच उपटली. आवाज खोलीभर झाला.

पंखा सुरू झाला. आमचाच पंखा, मी बसवलेला, प्रत्येक फेरीला टक् करणारा. नळ धो धो वाहत होता. मग त्या नळातून दुसरा एक नळ फुटला. स्सस्स. श्वास अडकला. पुन्हा स्सस्स, लांबलचक, चाक पार चपटं होईस्तोवर.

ठमी रडत होती आणि हसत होती. मीही. आम्ही पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं.

"पण तू केलं काय होतंस एवढं?" डोळे पुसत तिने विचारलं. "आईने मला कधी सांगितलं नाही."

"मीच सांगू नको म्हटलं होतं. सूप गाळलं."

"मग?"

"खाली भांडं न ठेवता. सिंकमध्ये."

"म्हणजे सूप..."

"गेलं गटारात. गाळणीत भाज्यांचा चोथा नीट जपून ठेवला होता. अगं, आमच्या टाकीत पाणी वाळूतून खाली उतरलं की ते पाइपातून आपलं आपण पुढे जातं. हात लावायची गरज नसते. हाताला तीच सवय!"

ठमी टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "यातला पंखा आणि नळ काढून फक्त हसणं ठेवू? वेळ लागेल, पण जमेल मला."

मी विचार केला. "नको. नळ चालू, पंखा चालू, मी घोळ घातलेला, तेव्हाच ती अशी हसायची. एकटं हसणं ठेवलं तर ती कशाला हसली हे त्याला तरी कसं कळणार?"

"कुणाला, हसण्याला?" ठमीने विचारलं, पण तिने ते तसंच माझ्या फोनमध्ये घालून दिलं.

मग मी म्हटलं, आता सूपच करू. भाज्या मोठ्या मोठ्या चिरल्या, चांगल्या उकळू दिल्या, घाई केली नाही. ठमी पसारा बाहेरच्या खोलीत नेऊन तारा गुंडाळत होती. फोनवर ते लावून ठेवलं होतं. पंखा, नळ आणि ती. मी एका हाताने गाळणी धरली, दुसऱ्या हाताने पातेलं उचललं.

"बाबा," बाहेरून ठमी ओरडली, "खाली भांडं ठेवलंय ना?"

मी खाली बघितलं.