वाऱ्यानं उघडं पाडलं

समुद्र म्हणायचा म्हणून समुद्र. तिन्ही बाजूंनी जमीन, महासागराकडं एवढंसं चिंचोळं तोंड. त्यामुळं भरती-ओहोटी नावालाच. नद्या येऊन गोडं पाणी ओततात, म्हणून खारटपणाही आजाऱ्याच्या जेवणाइतकाच. हा हलतो तो फक्त वाऱ्यानं. वारा समुद्रावरून आला की पाणी गल्लीत शिरतं, जमिनीवरून सुटला की किनारा सोडून पळतं.

बाईंचा नवरा बंदरावर पाण्याची पातळी मोजायचा. लग्नापासून तो हे ऐकवत होता आणि बाई या कानानं ऐकून त्या कानानं सोडत होत्या. त्या दिवशी मात्र बूट काढता काढता तो म्हणाला, "उद्या जमिनीवरचा वारा जोर धरणार. उथळ भाग सगळा उघडा पडेल बघ."

त्या उथळ भागात नवऱ्याचा ट्रम्पेट होता. चोरांनी नेला, असं बाईंनीच डोळ्यांना पदर लावून सांगितलं होतं. नवऱ्याला सूर सोडून सगळं वाजवता यायचं. बाई तरी काय करणार?

सकाळी नवरा लवकर कामावर गेला. बाई किनाऱ्यावर पोचल्या, तर निम्मी गल्ली चिखलात वाकलेली! शेजारीण सासूच्या आरामखुर्चीवर पुन्हा चिखल ढकलत होती, दाताचे डॉक्टर बायकोचा वजनकाटा उपसत होते. कुणी कुणाकडं बघेना.

बाईंनी ट्रम्पेट शोधून काढला. वळल्या, तर समोर नवरा. कवेत चिनी मातीचा भलामोठा सिंह, बाईंच्या भावानं दिलेला.

"अहो, हा मांजरानं फोडला होता ना?"

"आणि तो चोरांनी नेला होता ना?"

नवऱ्यानं सिंह खाली ठेवून ट्रम्पेट हातात घेतला आणि फुंकला. आधी चिखल आला, मग एक खेकडा, मग अडलेल्या म्हशीसारखा आवाज. बाई हसता हसता चिखलात बसल्या.

"अगं ऊठ, वारा पडला!" तो ओरडला. पाणी घोट्याशी आलं होतं. दोघं धावत सुटली. सिंह जड म्हणून त्यानं उचलला, ट्रम्पेट बाईंच्या काखेत.

वर शेजारीण धापा टाकत उभी होती. "काय सापडलं?"

"शिंपले," दोघं एकदम म्हणाली.

"आम्हालाही," म्हणत तिनं चिखलाचे हात पाठीमागं लपवले.