लाल दोऱ्याच्या कळ्या

ताईने काचघरातल्या वेलीच्या शेंड्याजवळच्या दोन कळ्यांना लाल दोरा बांधला. "या बियांसाठी. हात लावायचा नाही."

"मला सांगतेस की स्वतःला?" मी म्हटलं.

वाटाण्याच्या भाईबंदांतली ही वेल. ताईने जिथून बी आणलं, ती टेकडी आता खडीच्या खाणीत गेली. आणलेल्यांतलं एकच बी रुजलं. हंगाम संपला की वेल वाळते. त्याआधी शेंग धरली नाही तर जात संपली.

ताईच्या मते ही स्वतंत्र जात. तिचे सर म्हणत, दोन जातींचा संकर, निव्वळ खेचर. निकाल कळीतच लागणार होता. परागकण होण्याआधी पेशी विभागते, तेव्हा गुणसूत्रं आधी जोडीजोडीने जुळतात. संकरात ती जुळत नाहीत, एकेकटी भरकटतात. हे फार थोडा वेळ दिसतं. आणि बघायचं तर कळी तोडावीच लागते.

रोज सकाळी ताई एक कळी तोडायची, परागकोश रंगात ठेचायची, काचेवर अंगठा दाबायची, सूक्ष्मदर्शकातून बघायची. "कोवळी," म्हणायची. नाहीतर, "जून."

"जून कळीतले परागकण धड दिसतायत की. संकराचे पोकळ असतात ना?" मी म्हटलं.

"सरांना तेवढं पुरत नाही. म्हणाले, जोड्या दाखव."

उन्हाने वेल पिवळी पडली. नव्या कळ्या येईनात. दोऱ्याच्या दोनच उरल्या.

"ताई, नको ना."

"संकर असेल तर शेंग धरणारच नाही. मग राखून काय लोणचं घालायचंय?"

"आणि नसेल तर?"

"एकच घेते. दुसरी आहे ना."

ती जून निघाली. ताई उठली, काचघरात गेली. परतली तेव्हा तिची मूठ बंद होती.

नंतर बराच वेळ ती सूक्ष्मदर्शकावर वाकून होती. मग बाजूला सरली. "बघ."

सात जोड्या. पेशीच्या मधोमध, एका ओळीत. एकही गुणसूत्र सुटं नाही.

ताईने पेन्सिल घेतली आणि चित्र काढू लागली. पाचव्या जोडीवर हात थांबला.

"शेंग धरली असती गं," ती म्हणाली.

काचेच्या कडेने रंगात बुडबुडे शिरत होते.

"उभी काय राहिलीस? सरांना बोलाव. सुकायच्या आत."