‘येतो’ म्हणून निघालेले

माझी बायको कमला वारली हे कळलं तेव्हा मी मोनाच्या केसांना तेल लावत होतो. दवाखान्यातून माझ्या पुतण्याचा, अभिनवचा फोन आला. "काका, काकू गेली." मोनाने विचारलं, "आजी कब आएगी?" मी तेल लावत राहिलो. दुपारी कमलाला घरी आणलं तेव्हा मोनाला कळलं.

मोना माझी नात. तिची आई सुजाता, आमची एकुलती एक मुलगी, दुर्गच्या रस्त्यावर अपघातात वारली. बाप त्याच्या आधीच निघून गेला होता. तेव्हापासून कमलानेच तिला सांभाळलं. आता छत्तीसगढात, दुर्गजवळच्या कुरुदच्या घरात मी आणि ती. इथंच वाढलेली, म्हणून ती हिंदी बोलते.

कमलाच्या जलदानविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वंदना झाली, जेवणं झाली, लोक निघू लागले. निघताना प्रत्येक जण म्हणे, "येतो भाऊ, जयभीम." तिसऱ्या-चौथ्या माणसाला मोना दिवाणाखाली शिरली आणि ओरडायला लागली. कोणी ओढून काढायला गेलं तर चावली. लोक म्हणाले, आजीची सवय होती, होते असं.

तेव्हापासून मी दाराकडे वळलो की ती माझा शर्ट धरायची. दूध आणायलाही जाता येईना. शाळा तर बंदच झाली, मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या.

माझी मोठी बहीण मनकर्णाबाई नागपूरहून येऊन राहिली होती. ती मला नावानं हाक मारून म्हणाली, "देवा, पोरीले मी नेतो. तुले भात तं लावता येत नाई, पोर काय वाढवशीन?"

"भात येते मले."

"पेज येते तुले! सुट्ट्या संपेस्तोर पाहतो. शाळेत नाई गेली, तं माझ्यासंगं येईन. तिथं पोरी आहेत घरात."

तिचं चूक नव्हतं. पण मोना गेली असती तर तिचं हे तिसरं घर झालं असतं.

आईबाप नसलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या एका संस्थेतल्या रीना मॅडम आमच्याकडे येऊ लागल्या. त्या छत्तीसगढच्याच, मराठी येत नाही. त्या मोनाशी पत्ते खेळायच्या, आमचं बोलणं ऐकायच्या. एकदा मी चप्पल घालत म्हणालो, "येतो गं." मोनाने धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

मॅडमने विचारलं, "भैया, ये 'येतो' का मतलब क्या है?"

"मतलब, जा रहा हूँ."

"जा रहा हूँ? ये 'आता हूँ' नहीं है?"

"है तो आता हूँ. पर मतलब जा रहा हूँ."

मॅडम हसल्या, मग थांबल्या. "इसकी माँ क्या बोलकर निकली थी?"

मी मनकर्णाबाईकडे बघितलं. सुजाता गाडीला किक मारताना हेच म्हणाली होती. कमलाही दवाखान्यात जायला ऑटोत बसताना मोनाला म्हणाली, "येतो हं बाई." आमच्यात बाया-माणसं सगळे हेच म्हणतो. दुसरं म्हणायचं असतं हे कधी मनातही आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "जो सच है वो बोलिए. कहाँ जा रहे हैं, कब लौटेंगे."

मनकर्णाबाई म्हणाली, "जातो म्हणाचं? घरातून निघताना? बया, असं अभद्र बोलते का कोणी!"

मी मोनासमोर बसलो. "मी दुकानात जातो. दूध घेतो. मनकर्णाबाईचा भात होईस्तोर परत."

मनकर्णाबाईने कपाळाला हात लावला. मोनाने शर्ट सोडला नाही. म्हणाली, "जाते हो?"

"जातो."

"पक्का जाते हो?"

"पक्का."

मग तिने हात काढला. दुकानात गर्दी होती, तरी वेळेत परत आलो. ती खिडकीत उभी होती. खाली उतरून तिने पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. हळूहळू मला दूर सिविक सेंटरच्या बाजारातल्या बँकेतही जाता येऊ लागलं. एकदा परतायला उशीर झाला तेव्हा ती परत चावली, पण दिवाणाखाली गेली नाही.

सुट्ट्या संपत आल्या तेव्हा मनकर्णाबाईने बॅग भरली. मोनाचे कपडे त्यात घातले नाहीत. "पाहतो दिवाळीपर्यंत," म्हणाली. निघताना तोंड उघडून तशीच थांबली, मग मोनाला म्हणाली, "जातो वं माय."

शाळा उघडली. मी रोज मोनाला घेऊन जातो. फाटकाशी मी जागचा हलत नाही, जायचं तिला असतं. घंटा होते, मुलं आत जातात, ती माझं बोट धरून उभी राहते. मग आम्ही घरी येतो. ती अजून फाटकाच्या आत गेलेली नाही.