राईची झाडलोट

आमच्या वहिनीला एक खोड हाय. समिती येणार असं कानावर आलं की तिचा हात आपसूक खराट्याकडं जातो. ती गावची सरपंच. गेल्या साली ग्रामस्वच्छतेत गावाला तालुक्यात दुसरं बक्षीस मिळालं, आणि पहिलं हुकलं ते शाळेमागं शेळीच्या लेंड्या सापडल्या म्हणून. शेळी माझी निघाली. त्यावरनं मी जे ऐकून घेतलंय ते कुणा दिरानं ऐकलं नसंल. तवापासनं समिती म्हटलं की वहिनी ताटावरनं उठते.

तिचं नाव श्यामला, माझं नृसिंह. दादा वारल्यावर लोकांनी तिला बिनविरोध निवडून दिली, ती बाई गप बसून सह्या करंल म्हणून. सही वहिनीची आणि डोकं नृसिंहाचं, असं पारावर बोलायचे. माझं डोकं वापरलं असतं तर गावाचं काय झालं असतं ते देवीलाच ठाऊक.

तर गोष्ट रस्त्याची. गारगोटीकडनं एक नवा मोठा रस्ता डोंगर चढून कोकणात उतरणार, हे दोन वर्षं ऐकत हुतो. मग नकाशा आला. त्यावर आमच्या गावाजवळ दोन रेघा. वरची रेघ देवीच्या राईतनं जाते. राईत झरा हाय, आणि झऱ्याचं पाणी सायपनच्या नळीनं वरच्या वाडीत जातंय. उन्हाळ्यात आमच्या खालच्या विहिरी तळ दाखवतात, पण वाडीची नळी कवा बंद पडली न्हाय. डोंगर कापला की झरा कुणीकडं तोंड फिरवंल, सांगता येत न्हाय. पलीकडच्या गावात खाणीला डोंगर फोडला, तर झरा गेला तो गेलाच. खालची रेघ जाते ती आमच्या ओढ्याकाठच्या रानातनं. ते रान निम्मं माझं, निम्मं वहिनीचं. म्हणजे एक तर वाडीचं पाणी जाणार, न्हायतर आमचं रान. तिसरी वाट नव्हती.

कुठली रेघ धरायची हे ठरवण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होतोय ते तपासायचं असतंय म्हणे. तालुक्यातनं वहिनीला फोन आला, पुढच्या आठवड्यात तपासणीला लोक येतील, राईत फिरतील, झाडं, जनावरं, पाणी सगळं बघतील. वहिनीनं सगळं नीट ऐकलं, पण अर्थ आपल्या सवयीनं लावला. राई चांगली दिसली तर राई वाचंल, असा तिचा सरळ हिशोब. तिच्या मनात पाप नव्हतं, हे मी आईची आण घेऊन सांगतो. सांजच्याला गावाच्या ग्रुपवर मेसेज पडला की उद्या घरटी एक माणूस आणि एक खराटा.

आता आमच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत न्हाय. नेली तर देवी कोपते. पण राई झाडायची न्हाय, असं कुणी कवा म्हटलं हुतं? झाडणं म्हणजे सेवाच की. त्यामुळं गाव लोटलं. वाडीतली माणसं तर सगळ्यात आधी आली, त्यांच्याच पाण्याचा प्रश्न. कैक पिढ्यांचा साठलेला पाला आम्ही दोन दिवसांत ओढून काढला आणि ढीग करून पेटवून दिला. खाली काळी मऊ माती लागली, ती धुमुसानं चोपून अंगणासारखी केली. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारले. पडकी लाकडं, पोकळ ओंडके, वेली, सगळं साफ. झऱ्याच्या कुंडाचं काम शमशुद्दीनकडं. शमशुद्दीन वाडीतला गवंडी, माझा शाळेपासनंचा दोस्त. त्यानं तारेच्या ब्रशनं दगडांवरचं शेवाळ घासून घासून काढलं, आणि वरनं वहिनीनं कुंडात पाण्यातले जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायला लावली. पाणी असं निवळलं की तळातला दगड मोजावा. मला म्हणतोय, "बघ लेका, तुझ्या तोंडापेक्षा सोच्छ हाय." असं बोलणं आमचं नेहमीचंच.

तपासणीला आलेल्या बाई कोल्हापूरच्याच, नाव अदिती. वय असंल तीस-बत्तीस, पायात चिखलाचे बूट, गळ्यात दुर्बीण, आणि बरोबर दोन मदतनीस. वहिनीनं त्यास्नी फेटा बांधला, नारळ दिला. बाई हसून हसून सगळं करून घेत हुत्या. मग राईच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. बायकांनी वाटेवर काढलेल्या रांगोळीकडं बघितलं, पट्टे मारलेल्या झाडांकडं बघितलं. मला वाटलं खूश झाल्या.

त्या आत गेल्या आणि दोन दिवस फिरल्या. गुडघ्यावर बसून माती उकरायच्या, कुंडाच्या काठाला तास-तासभर बसायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सोप्यात चहाला आल्या तवा त्यांचं तोंड उतरलेलं. हळू आवाजातच सगळं सांगितलं. जुन्या नोंदीत या राईत देवगांडूळ हाय असं लिहिलंय. ते साप न्हाय आणि गांडूळबी न्हाय, ओल्या पाल्याखाली मातीत राहणारं, बेडकाच्या भावकीतलं जनावर, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं. पाला गेला आणि माती चोपली की ते जगत न्हाय. पोकळ ओंडक्यात किती काय राहतंय, शेवाळात बेडकांची अंडी असतात, आणि पालाच पावसाचं पाणी धरून झऱ्याला पुरवतो. तपासणीत जे दिसतंय तेच लिहावं लागतं. इथं काहीच दिसलं न्हाय.

"वहिनी, तुम्ही राई वाचवायला निघाला होता," त्या म्हणाल्या. "पण कागदावर ती आता फक्त झाडांची बाग आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वहिनी खांबाला टेकून उभी हुती, ती तिथंच खाली बसली. तिनं विचारलं, आता काय करायचं. बाई म्हणाल्या, राई नुकतीच साफ केल्याचं मी लिहीनच, पण आधी तिथं काय हुतं ते मी बघितलेलं न्हाय. महिन्यानं गारगोटीत जनसुनावणी हाय. तिथं गावानं स्वतः उभं राहून सांगितलं, तर ते नोंदवलं जातं आणि पाऊसकाळानंतर फेरतपासणी मागता येते. तवर राईला हात लावू नका.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वहिनीचा चेहरा बघवत नव्हता, पण आत कुठंतरी गार वाटलं. वरची रेघ पक्की म्हणजे आमचं रान सुटलं. त्या रानात दादानं आणि मी पहारीनं दगड काढलेत, तळ्यातली माती डोक्यावरनं आणून टाकलीया. सरकार पैसं देतंय, पण रान देत न्हाय. आणि मी कुठं काय केलं हुतं? झाडायला सगळं गावच हुतं.

मी तोंड गप ठेवलं. पण गावात काय आणि कसं पसरतंय ते सांगायला नको. आठ दिवसांत वरच्या वाडीत बोलणं सुरू झालं की सरपंचबाईनं मुद्दाम केलं. आपलं रान वाचवायला राई झाडली, आणि आपल्याच हातनं झाडून घेतली. तोंडावर मात्र कुणी काय बोललं न्हाय, आणि तेच वाईट. आमच्या भागात माणूस शिव्या घालतोय तवर आपलं असतंय. गप झाला की समजायचं संपलं.

मी एक दिवस वाडीत गेलतो, गोठ्याच्या भिंतीच्या कामाचं विचारायला. शमशुद्दीन दारात बसलेला. एरवी मला लांबनं बघितलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, माझ्या सात पिढ्या उद्धारल्याशिवाय पाणी विचारायचा न्हाय. त्या दिवशी उठला, घोंगडं झटकून टाकलं आणि म्हणाला, "या पावणं, बसा."

पावणं म्हणजे परका माणूस. एसटीतनं चुकून उतरलेल्या माणसाला आम्ही पावणं म्हणतो. त्याच्या बायकोनं, मलिकानं, तांब्या आणून ठेवला. पाणी त्याच झऱ्याचं. मी प्यालो आणि तांब्या खाली ठेवला. भिंतीचं काम त्यानं न्हाय म्हटलं न्हाय, बघू म्हणाला, अगदी गोड. मी घरी आलो आणि बायकोवर उगंच खेकसलो, भात कच्चा राहिला म्हणून. भात चांगला शिजलेला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वहिनी धार काढत हुती. मी म्हटलं, उद्या गप बसायचं. तू मुद्दाम केलं न्हाईस, मग कबुली कशाची द्यायची? गाव हसंल, बक्षीस जाईल, आणि वर रानबी जाईल. वहिनीनं म्हशीच्या कासंवरचा हात काढला न्हाय. एवढंच बोलली की भावजी, तुमी यायचं तर या, न्हायतर राहा. आमच्या घरात दादा असताना ती कवा असं बोलली नव्हती. मी चिडून जातच न्हाय म्हणणार हुतो, पण सकाळी गेलो.

हॉल भरलेला. मंचावर मोठे साहेब, बाजूला लिहून घेणारे, खाली पहिल्या रांगेत अदिती मॅडम. आधी गावोगावच्या पुढाऱ्यांची भाषणं झाली. कुणाला रस्ता घरापर्यंत पायजे, कुणाला मोबदला चौपट पायजे. वाडीची माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी, शमशुद्दीन त्यांच्यात. मग वहिनीनं हात वर केला. माईक धरायची सवय तिला आता झालीया, पण त्या दिवशी तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"मी सरपंच श्यामला," ती म्हणाली. "राईत तपासणीला काही सापडलं न्हाय, कारण आदल्या आठवड्यात आम्ही ती झाडली. पाला जाळला, माती चोपली, कुंडात पावडर टाकली. ते मी सांगितलं म्हणून झालं. लोकांचा दोष न्हाय. समिती म्हणजे सोच्छता, एवढंच मला कळत हुतं. आधी तिथं गुडघाभर पाला हुता. बेडकं वरडायची तर बोललेलं ऐकू यायचं न्हाय. ते लिहून घ्या, आणि पाऊस झाल्यावर परत येऊन बघा."

हॉलमधी कुणीतरी हसलं. साहेबांनी हातानं गप केलं आणि समोरचा नकाशा उलगडला. फेरतपासणीत वरची रेघ रद्द झाली तर रस्ता खालनं जाईल, ती जमीन कुणाची, असं विचारलं.

"माझी," वहिनी म्हणाली. "आणि माझ्या दिराची."

मागनं कुजबुज उठली. साहेबांनी विचारलं, दीर आलेत का, त्यांचं काय म्हणणं. वहिनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. तिनं मला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी न्हाय म्हटलं असतं, हे तिला म्हाईत हुतं. माझं टाळकं सरकलं. चारचौघांत माझ्या रानाचा असा निकाल लावते म्हणजे काय? मी उठलो तो भांडायलाच. माईक हातात घेतला, आणि वळलो तर वाडीची सगळी माणसं माझ्याकडं बघत हुती. शमशुद्दीन तेवढा खाली बघत हुता. माझ्या तोंडनं काय निघणार ते त्याला म्हाईत असल्यागत.

"साहेब," मी म्हटलं, "रान देताना माझा जीव जातोय, हे आधी लिहा. ते आम्ही दोघा भावांनी हातानं केलंय. पण वाडीचं पाणी तोडून मला त्यात भात पिकवायचा न्हाय. वहिनी बोलली तेच माझं."

एवढं बोलून मी खाली बसलो.  लोक काय म्हणाले, साहेबांनी अजून काय विचारलं, ते मला नीट ऐकू आलं न्हाय. शेवटी पाऊसकाळानंतर फेरतपासणी करायची, असं वाचून दाखवलं. अदिती मॅडमनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

येताना एसटीत वहिनी खिडकीला, मी कडंला.  माझा राग गेला नव्हता, पण कुणावर काढायचा ते कळंना. फाट्यावर उतरल्यावर ती घराकडं वळली न्हाय, पायवाटेनं सरळ रानात गेली. मी मागनं. नांगरून ठेवलेलं रान पसरलेलं, ढेकळं उन्हानं भुगा झालेली. पावसाआधी कोरड्या मातीत भात टाकायची, धूळवाफ पेरायची हीच वेळ. एकदा वळीव जोरात पडला की मग चिखलात पेरायची कुरी चालत न्हाय. वहिनी बांधावर बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. मी तिच्यापासनं जरा लांब बसलो. तिला रडू दिलं. मग माझंबी तसंच झालं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, औंदा पेरायचं का? रेघ इथनंच जाणार असंल तर बियाणं कशाला मातीत घालायचं.

तिनं डोळे पुसले. "आपलं हाय तवर पेरायचं, भावजी," ती म्हणाली.

सकाळी मी कुरी काढली.