गुणाजीचा मांडव आणि वेलबाबांची टोपली

गुणाजीच्या परसात पाय ठेवायला जागा नाही. निडी गावची माणसं आहेतच, शेजारच्या खांब गावाहून रिक्षा करून आलेलीही आहेत. सगळ्यांच्या माना वर. मांडवावर वालाच्या शेंगांचे घोसच्या घोस.

"गेल्या साली भाजीपुरत्यापन नाय निघाल्या," गुणाजी सांगतो. "बाबांनी राख फुंकली, नि बघा!"

वेलबाबा सगळ्यांना पोटभर बघू देतात. मग सुरू होतात.

"वेलाला कान असतात. मी बोलतो, तो ऐकतो. तो ऐकतो, फूल धरतं. मला काय पाहिजे? काय नाय! रोज सकाळी एक टोपली कोवळ्या शेंगा. त्यापन मी खात नाय, माझ्यातली शक्ती खाते."

टाळ्या. शक्तीचं पोट बरंच सुटलेलं आहे.

(ती टोपली लक्षात ठेवा.)

आता कुंपणापलीकडे. आसियाचाचीचा मांडव. दोन कोपऱ्यांतून चढवलेले दोन वेल, पाला हिरवागार, खाली गळलेल्या फुलांचा सडा. वर फक्त वाळक्या शेंगा. चाचीचा मुलगा अदनान कतारला. तो सुट्टीवर येणार, मडक्यात भांबुर्ड्याचा सुवासिक पाला घालून शेंगा भाजायच्या, पोपटी लावायची, तीही घरच्याच शेंगांची. म्हणून पहिल्या बहराची एक शेंग चाचीने कुणाला तोडू दिली नाही. कंपनीने रजा पुढे ढकलली. शेंगा वेलावरच वाळल्या. नवं फूल टिकेना.

चाची बाबांकडे गेली. बाबांनी डोळे मिटले आणि बोट बरोब्बर सुनेवर, नफिसावर रोखलं.

"हिची कूस रिकामी, म्हणून वेल रिकामा. हिच्या सावलीने फूल गळतंय. मुलगा यायच्या आत माहेरी धाडा."

माहेर पेणला. पिशवी भरून झाली. दोघी निघाल्या, तर कुंपणाशी गुणाजीकडची गर्दी, बाबाही तिथेच.

"अम्मी, ते येणार नि मी जाऊ?"

"थोडे दिवस गो," चाची म्हणाली. पण सुनेकडे न बघता.

इथून ही गोष्ट रडकी होऊ शकते. तिला तसं करू द्यायचं नाही, म्हणून लगेच नूतनबाई. शाळेतल्या बाई, शाळेच्या परसबागेत मुलांकडून वाल लावून घेतात. गर्दीतून पुढे आल्या.

"बाबा, हिचा नवरा कतारात. त्यात सावलीचा काय दोष?"

गर्दी हसली. नफिसासुद्धा, पदराआड.

"चाची, पिशवी खाली ठेवा. तुमचे दोन वेल आहेत ना? एक बाबांचा. राख फुंका, मंत्र म्हणा, शेंगेला मात्र हात नाही लावायचा. दुसरा नफिसाचा. वाळक्या शेंगा काढायच्या, नव्या येतील त्या कोवळ्याच तोडायच्या."

"नि हिची सावली?" चाचीने विचारलं.

"पडू दे दिवसभर. तीच तर बघायचीय."

भक्तांसमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी राख फुंकली.

अदनानच्या रजेची नवी तारीख आली, तोवर निकालही आला. नफिसाच्या वेलावर तुरेच तुरे, त्यांत कोवळ्या शेंगा. बाबांच्या वेलावर राख. वारा आला की वाळक्या शेंगा खुळखुळत.

"चमत्कार!" कुणीतरी ओरडलं.

"परत?" बाई म्हणाल्या. "अहो, वेल शेंग धरतो बी पिकवायला. बी वाळलं, की त्याच्या लेखी काम झालं. मग नव्या फुलाची त्याला गरज नाही. कोवळी तोडली की तो पुन्हा कामाला लागतो. गुणाजी, गेल्या साली शेंगांचं काय केलंत?"

"पहिल्या आल्या त्याच कडव्या वालासाठी वेलावर वाळवल्या."

"आणि यंदा?"

गुणाजी टोपलीकडे बघत राहिला. "यंदा रोज तोडल्या… म्हंजे राखेने नाय, याच्या खादाडीने फळला मांडव?"

बाबांना एकाएकी कोलाडला जायचं आठवलं. टोपली राहिली.

अदनान आला. पोपटीचं मडकं उपडं झालं, धूर, घमघमाट. चाचीने पहिली शेंग सोलली, फुंकर घातली आणि सुनेच्या तोंडाशी धरली.

"खा गो. तुझ्याच हातच्या हायेत."

नफिसाने ती आधी मोडली, अर्धी चाचीला दिली.

वेल धरत नसेल तर वाळक्या शेंगा काढा. मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनी डॉक्टरकडे जा. आणि कुणी बाईच्या सावलीकडे बोट दाखवलं, तर आधी त्याच्या टोपलीत डोकावून बघा.